गट पाडले, पुढे काय?

वर्ग पाहायला केंद्रप्रमुख येणार असले की अनेक शाळांत बाक फिरतात. चार-चार मुलं समोरासमोर बसतात, मधोमध एक कार्यपत्रिका येते आणि वर्ग एकदम कृतियुक्त दिसू लागतो. अशा वेळी एकाच गटापाशी पाच मिनिटं उभं राहून पाहावं. पेन एकीच्याच हातात आहे. शेजारचा तिच्या वहीत डोकावतोय, तिसरा पट्टीने बाकावर नाव कोरतोय आणि चौथी बाईंचं लक्ष गेलं की तेवढ्यापुरती मान हलवतेय. शेवटी गटप्रमुख उभी राहते, उत्तर वाचते, टाळ्या होतात. त्या तासाला काही केलं असेल तर एकट्या गटप्रमुखाने, आणि तिला ते उत्तर बहुधा आधीपासूनच येत होतं.

गटात बसवणं सोपं आहे. गटाने शिकावं असं काम तयार करणं अवघड आहे, आणि सहकारी अध्ययनाचं सगळं यश-अपयश त्या कामाच्या रचनेवर ठरतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं. गट चालायला काय काय लागतं याच्या त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. माझ्या मते वर्गशिक्षकाने आधी त्यातल्या दोनच पकडाव्यात. एक, दुसऱ्याशिवाय माझं काम पुरं होणार नाही असं प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरोखरच असायला हवं. दोन, शेवटी प्रत्येकाला एकट्याने उत्तर द्यावं लागेल हे त्याला आधीच ठाऊक हवं. समोरासमोर बोलून एकमेकांना मदत करणं, बोलण्या-ऐकण्याच्या रीती आणि काम झाल्यावर ते कसं झालं हे गटाने तपासणं, या उरलेल्या तीन गोष्टी पहिल्या दोन जमल्यावर हळूहळू शिकवता येतात. पहिल्या दोन नसतील तर मात्र मुलांना ‘मिळून करा रे’ असं कितीही वेळा सांगा, काही होत नाही.

यात मुलांचा आळस हे कारण नसतं. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. ते मोजमाप १९१३ साली प्रसिद्ध झालं. दोर ओढणारे जितके वाढतील तितका प्रत्येकाचा जोर कमी पडतो, असं त्यात दिसलं. आपण किती ओढलं हे कुणाला कळणार नसेल तर मोठी माणसंही हात सैल सोडतात. पाचवीतल्या पोराने तसं केलं तर त्याला काय बोलायचं?

ऑस्टिनमधला पाचवीचा वर्ग

सहकारी अध्ययनाचा सगळ्यात बोलका प्रयोग १९७१ साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात झाला. तोवर वेगवेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं शाळांच्या एकत्रीकरणानंतर पहिल्यांदाच एका वर्गात आली. मारामाऱ्या सुरू झाल्या. मदतीसाठी बोलावलेले मानसशास्त्रज्ञ एलियट आरॉन्सन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्गात मागे बसले आणि नुसतं पाहत राहिले. त्यांना जे दिसलं ते आपल्यालाही ओळखीचं आहे. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर जातात, एकाचं नाव पुकारलं जातं आणि बाकीच्यांचे चेहरे पडतात. ज्याचं नाव आलं तो चुकावा असंच उरलेल्यांना मनातून वाटत असतं. अशा वर्गात वेगळी भाषा बोलणारं, बिचकणारं मूल पहिल्याच आठवड्यात बाजूला पडतं.

आरॉन्सन यांनी उपदेशाचा मार्ग धरला नाही. त्यांनी धड्याचे तुकडे केले. एका माणसाचं चरित्र सहा परिच्छेदांत लिहायचं, सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच परिच्छेद द्यायचा, आणि परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर घ्यायची. आता दुसऱ्याचा परिच्छेद कळायचा तर त्याच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कार्लोस या नावाने त्यांनी एका मुलाची हकीकत लिहिली आहे. घरी स्पॅनिश बोलणारा हा मुलगा आपला भाग सांगताना अडखळू लागला तेव्हा गटातली मुलं हसली. जवळ उभ्या असलेल्या सहायकाने त्यांना दरडावलं नाही. हसायचं तर हसा, पण त्याने कार्लोसचा भाग कळणार नाही आणि थोड्या वेळाने त्यावर परीक्षा आहे, एवढंच त्याने सांगितलं. पुढच्या काही दिवसांत ती मुलं कार्लोसला नीट प्रश्न विचारायला शिकली, कारण त्यात त्यांचाच फायदा होता. कार्लोस बोलू लागला. वाटलं होतं तेवढा तो मंद नाही हेही त्यांच्या लक्षात आलं. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

आपल्या वर्गात हे कसं बसवायचं

सहावीच्या नागरिकशास्त्रातला ग्रामीण स्थानिक शासनाचा भाग घ्या. त्याचे सरळ चार तुकडे होतात: ग्रामसभा, ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. पटावर ३६ मुलं असतील तर चौघांचे नऊ मूळ गट होतील. गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा द्या. पाठ्यपुस्तक उघडं ठेवू नका, नाहीतर सगळी मुलं सगळंच वाचतात आणि कुणालाच कुणाची गरज उरत नाही. प्रत्येक भाग कागदावर वेगळा लिहून त्याच्या झेरॉक्स काढाव्यात. तेही शक्य नसेल तर चार कोपऱ्यांत चार तक्ते लावा.

पहिल्या तासाला आधी सात-आठ मिनिटं प्रत्येकाने आपला भाग मुकाट्याने वाचायचा. मग एकाच भागाची मुलं एकत्र येतात. हा तज्ज्ञ गट. ३६ जणांच्या वर्गात एका भागाची नऊ मुलं होतात आणि नऊ जणांचा गट म्हणजे गोंगाट, म्हणून त्याचे चार आणि पाच असे दोन गट करा. त्यांच्यापुढे दोनच प्रश्न ठेवा: यातलं महत्त्वाचं काय, आणि हे आपल्या गटाला पुस्तकात न पाहता कसं सांगायचं? शिक्षकाचा सगळा वेळ या पंधरा-वीस मिनिटांत जायला हवा. इथे कुणी चुकीचं समजून घेतलं तर तेच चुकीचं तो मूळ गटात जाऊन तीन जणांना शिकवील. सरपंच आणि सभापती यांची गल्लत हमखास होते. ग्रामसेवक निवडून येतो असं सांगणारंही एखादं मूल निघतं. ते इथेच पकडायचं.

दुसऱ्या तासाला मुलं मूळ गटात परततात. प्रत्येकाला चार मिनिटं. ऐकणाऱ्या प्रत्येकाने सांगणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारायचा. त्यानंतर गटाला असा एक प्रसंग द्या जो चारही तुकडे जुळल्याखेरीज सुटणार नाही. उदाहरणार्थ, वाडीवर जाणारा रस्ता दर पावसाळ्यात वाहून जातो. तो पक्का करून घ्यायचा असेल तर गावकऱ्यांनी विषय आधी कुठे मांडायचा, ठराव कोण करील, तालुक्याला कुणाला भेटायचं आणि जिल्ह्याला कुणाला? बहुतेक शिक्षक ही पायरी गाळतात आणि माझ्या मते तिथेच तास फुकट जातो. चौघांनी आळीपाळीने वाचून दाखवणं म्हणजे चार छोटी भाषणं. प्रसंग पुढे आला की मुलं एकमेकांना अडवू लागतात, ‘थांब, आधी ग्रामसभा ना?’ असं म्हणू लागतात. शेवटची दहा मिनिटं पाच प्रश्नांची छोटी चाचणी, प्रत्येकाने आपापल्या वहीत, बोलणं बंद.

ज्यांची हजेरी अनियमित आहे अशा मुलांना भाग एकट्याने देऊ नका. दोघांना मिळून एक भाग द्या, म्हणजे एक गैरहजर राहिला तरी गटाचं अडत नाही.

हे प्रत्येक पाठाला चालत नाही. ज्याचे भाग एकमेकांवाचून कळतात तोच पाठ निवडायचा. इतिहास, भूगोल, परिसर अभ्यास आणि विज्ञानातली प्राण्यांची किंवा पदार्थांची वर्गीकरणं यांत हे छान बसतं. कवितेचे तुकडे करू नयेत, कविता मरते. गणिताच्या पायऱ्या वाटून देण्यातही अर्थ नाही, कारण दुसरी पायरी पहिलीशिवाय कळतच नाही.

गणिताला जोडी

गणितासाठी साधी जोडी पुरते. प्रश्न विचारला की आपण किती थांबतो हे कधी घड्याळ लावून पाहा. मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेला आढळलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि उत्तर स्वतः देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार कर, जोडीला सांग, वर्गाला सांग’ ही रीत यावर चांगला उतारा आहे. आधी मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, वहीत काहीतरी लिहायचं आणि मगच शेजाऱ्याकडे वळायचं. ते शांत मिनिट गाळलं की जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा ऐकतो.

फळ्यावर १/२ + १/३ लिहा. वर्गातली काही मुलं २/५ असं उत्तर काढणारच. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले, झालं. आपण फळ्यावर छेद समान करून दाखवतो, मुलं उतरवून घेतात आणि आठवड्याने पुन्हा २/५ लिहितात. आता जोडीला हा प्रश्न देऊन पाहा: ‘उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं हवं की लहान?’ २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी, हे दोघांपैकी एकाच्या ध्यानात येतं. ‘अगं, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी होईल?’ हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या मैत्रिणीला सांगितलेलं असलं की ते टिकतं.

चौघांचे गट असतील तर प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्या. गटाने मिळून उदाहरण सोडवायचं, पण उत्तर द्यायला कोणता क्रमांक उठेल हे आधी सांगायचं नाही. स्पेन्सर केगन यांच्या नावाशी जोडली गेलेली ही युक्ती फार साधी आहे आणि फार उपयोगी आहे. आता गटातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला समजावणं ही बाकीच्या तिघांची गरज होते.

सांगणाऱ्याला काय मिळतं

पालकसभेत एक तक्रार ठरलेली असते: ‘आमची मुलगी हुशार आहे, तिचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात का घालवता?’ तक्रार प्रामाणिक असते, तिला तसंच प्रामाणिक उत्तर द्यावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतल्या नोरीन वेब यांनी लहान गटांतली मुलांची बोलणी टिपून त्यांचा अभ्यास केला. गटात जी मुलं दुसऱ्याला सविस्तर समजावून सांगत होती, त्यांचं स्वतःचं शिकणं चांगलं होत होतं. ज्यांना नुसतं तयार उत्तर मिळत होतं, त्यांना त्याचा लाभ होत नव्हता. उलट ती मागेच पडत होती. समजावताना मुलाला स्वतःच्या डोक्यातलं रचून घ्यावं लागतं, उदाहरण शोधावं लागतं, आपलंच कुठे अडतं ते कळतं. आपण शिक्षक हे अनुभवाने जाणतोच. ज्या वर्षी पहिल्यांदा एखादा विषय शिकवला, त्याच वर्षी तो खरा कळला. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवणं दोघांनाही फायद्याचं असतं असं म्हटलं आहे.

पण वेब यांच्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. ‘घे, सतरा लिही’ ही मदत नव्हे. म्हणून मुलांना दोन प्रश्न तोंडपाठ करून द्या: ‘कसं आलं?’ आणि ‘आता तू सांग बघू.’ पहिला मदत मागणाऱ्याने विचारायचा, दुसरा मदत करणाऱ्याने. पहिले पंधरा दिवस फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहूनच ठेवावेत.

मुलांनी मुलांना शिकवणं हे काही परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना मद्रासची गोष्ट सांगा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तिथल्या अनाथाश्रमाच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत चालवली. वाळूवर बोटाने अक्षरं गिरवण्याची रीत त्याने इथल्याच शाळांत पाहून उचलली होती. १७९७ साली त्याचा अहवाल लंडनमध्ये छापला गेला आणि पुढे इंग्लंडभर ‘मद्रास पद्धती’च्या शाळा निघाल्या. तिच्यात आणि सहकारी अध्ययनात फरक आहे, हेही सांगायला हवं. तिथे एकाला येत होतं आणि दुसऱ्याला येत नव्हतं. इथे प्रत्येकाकडे काहीतरी असं हवं जे दुसऱ्याकडे नाही.

गटात कोण, आणि कोणाचं चालतं

मुलांना आपापले गट करायला सांगितलं की मित्र-मित्र एकत्र येतात आणि तीन-चार मुलं कुणालाच नको असतात. गट शिक्षकानेच करावेत. गुणांनुसार मनाशी यादी करा. ३६ जणांत पहिला, अठरावा, एकोणिसावा आणि छत्तिसावा यांचा एक गट, दुसरा, सतरावा, विसावा आणि पस्तिसावा यांचा पुढचा. मग मुलगे-मुली, एकाच आळीतली मुलं, कालच भांडलेले दोघे, असं पाहून थोडी अदलाबदल करा. ही यादी वर्गात कुठेही दिसता कामा नये. गट पाच-सहा आठवडे टिकवा आणि मग मोडा. त्याआधी कुणाची तक्रार आली तर लगेच गट बदलून देऊ नका. पटत नसलेल्या माणसासोबत काम करणं हाही त्यातला एक धडा आहे.

गुणांची यादी मात्र अर्धंच सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवून दिलं की वर्गात ज्याची पत मोठी, तो गटात जास्त बोलतो, म्हणून जास्त शिकतो, म्हणून त्याची पत आणखी वाढते. ही पत नेहमी अभ्यासावरून ठरत नाही. आपल्याकडे ती आडनावावरून ठरते, वस्तीवरून ठरते, बोलीवरून ठरते. घरी पावरी किंवा गोरमाटी बोलणारा मुलगा, ऊसतोडीच्या हंगामानंतर आईबापांसोबत परतलेली मुलगी, किंवा गणवेश नीट नसलेलं कुणी यांच्या हातात गटातली कात्री येते, पेन येत नाही. सामान उचलून आणणं, चित्र रंगवणं ही कामं त्यांच्या वाट्याला आपोआप जातात.

यावर कोहेन यांचा उपाय वापरून पाहण्यासारखा आहे. काम असं निवडायचं ज्याला अनेक प्रकारची हुशारी लागते: मोजणं, आकृती काढणं, निरीक्षण, सांगण्याची हातोटी. काम सुरू करण्याआधीच वर्गाला सांगायचं की हे सगळं कुणा एकाकडे नाही आणि यातलं काहीतरी प्रत्येकाकडे आहे. मग गटांतून फिरताना मागे पडलेल्या मुलाने केलेली नेमकी, खरी गोष्ट हेरायची आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवायची. उसाच्या एका मोळीत साधारण किती कांड्या असतात याचा अंदाज ज्या मुलीला अचूक येतो, तिच्याशिवाय अंदाजाचं ते उदाहरण सुटलं नसतं, हे गटाला कळू द्या. खोटं कौतुक मात्र करू नका. मुलं ते ओळखतात आणि त्या मुलाला त्यावरून चिडवतात.

गुण कुणाचे

गटाला मिळून एकच गुण देऊन ते प्रगतिपुस्तकात उतरवू नयेत. दुसऱ्याच्या आळसापायी माझे गुण का कमी व्हावेत, या मुलाच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. पण गटाला काही मिळायला हवं हेही खरं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लॅव्हिन यांनी यातून चांगली वाट काढली. चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची, आणि गटाचे गुण मोजायचे ते प्रत्येकजण स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती पुढे गेला यावरून. वीसपैकी नेहमी सहा मिळवणाऱ्याने नऊ मिळवले तर तो गटाला अठरावर थांबलेल्या मुलापेक्षा जास्त देऊन जातो. पूर्ण गुण मिळवणाऱ्यालाही सर्वाधिक गुण द्यायचे, म्हणजे हुशार मुलांवर अन्याय होत नाही. ज्याला आपण गटाचं ओझं समजत होतो, त्याच्यावर आता सगळ्या गटाची मदार असते. यातून जास्त गुण मिळवणाऱ्या गटाचं नाव फळ्यावर लिहा, तेवढं पुरतं. बाकी कोण कसं बोलतं, ऐकतं, मदत मागतं, याची नोंद आकारिक मूल्यमापनातल्या दैनंदिन निरीक्षणात करायला जागा आहेच.

अडचणी बऱ्याचशा किरकोळ आहेत. बाक हलत नसतील तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, चौघांचा गट तयार. सतरंजीवर बसणाऱ्या वर्गांना तर काहीच अडचण नाही. आवाज वाढतो, शेजारच्या वर्गातले सर खिडकीतून डोकावतात. शिक्षकाने हात वर केला की पाहील त्याने गप्प होऊन आपलाही हात वर करायचा, हा नियम आठवडाभर रोज सराव करून बसवला तर तीसपस्तीस मुलं थोड्याच वेळात शांत होतात. ओरडून शांत करायची सवय असेल तर हे आधी अवघड जातं, मुलांना नव्हे, आपल्याला. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र सांभाळणाऱ्यांना तर जोड्यांशिवाय तरणोपाय नाही. एका इयत्तेला शिकवत असताना दुसरीला जोडीचं काम दिलेलं असलं तर ती मुलं निव्वळ शुद्धलेखन उतरवत बसत नाहीत.

एकदम सगळं सुरू करू नका. जूनपासून पहिले दोन महिने फक्त जोड्या चालवा. गणपतीनंतर चौघांचे गट करा. धड्याचे तुकडे करून शिकवणं दिवाळीच्या सुट्टीनंतर, तेही महिन्याला एखाद-दुसऱ्या पाठापुरतं. नवी संकल्पना पहिल्यांदा सांगताना शिक्षकाने फळ्यापाशी उभं राहून नीट शिकवावं. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

गट चालू लागले की आपल्या केंद्रातल्या एखाद्या सहकाऱ्याला एका तासाला बोलवा. त्यांना वर्गभर फिरवू नका, एकाच गटाजवळ बसवा आणि कागदावर चार नावं लिहून द्या. कोण किती वेळा बोललं याच्या त्यांनी फक्त खुणा करायच्या. ज्या नावापुढे एकही खूण नसेल, पुढच्या तासाचं नियोजन त्या मुलापासून सुरू करा.